आभाराचा काला

आभार मानायला माणूस उभा राहिला की सभागृहातल्या खुर्च्या आपोआप मागे सरकतात, हा निसर्गनियम शामकांत पुराणिकांनी एकतीस वर्षं अगदी जवळून, म्हणजे माइकच्या मागे उभं राहून, अभ्यासला होता. गोदातीर विद्यापीठाच्या उंबरतळे परिसरात ते ग्रंथपाल. परिसर म्हणजे नगरहून नेवाशाकडे जाताना डाव्या हाताला, ऊस आणि ज्वारीच्या मधोमध, दोन इमारती, एक पाण्याची टाकी आणि चारशे खुर्च्यांचं सभागृह. हे सभागृह कोणाच्या आशावादातून बांधलं गेलं ते माहीत नाही. त्यात एका वेळी बसलेल्या माणसांचा उच्चांक बावीस होता, आणि तोही बाहेर गारा पडत होत्या म्हणून.

कार्यक्रम कसलाही असो, शेवटी सूत्रसंचालक म्हणायचा, "आता आभार मानतील श्री. पुराणिक," आणि पुढच्या रांगेतले पाहुणे चहाकडे निघायचे, मुलं एसटीकडे. पुराणिक तिसऱ्या नावावर येईपर्यंत समोर माइकवाला तेवढा उरायचा, कारण माइक त्याचा होता. खुद्द शोभाताईसुद्धा, म्हणजे पुराणिकांच्या पत्नी, दर कार्यक्रमाला यायच्या आणि आभार सुरू झाले की सर्वांत आधी उठायच्या. त्यात अनादर नव्हता. पावणेसहाच्या एसटीत जागा धरायची असे, आणि ती धरली नाही तर सावेडीपर्यंत दोघांनाही उभं राहून जावं लागे.

पुराणिक मात्र आभार आदल्या दिवशी घरी लिहून काढत. पाठकोऱ्या कागदावर, शाईच्या पेनाने, शुद्धलेखनाचे सगळे नियम पाळून. पाहुणे बदलत, नावं बदलत, पण शेवटची ओळ पहिल्या वर्षापासून एकच होती. ती काय होती हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण कार्यक्रम तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. मे महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि ही ओळ आपल्याबरोबरच निवृत्त होणार याची त्यांना मनातून खंत होती. माणसाला पदोन्नती हवी असते, पुरस्कार हवे असतात. यांना फक्त एकदा, बसलेल्या माणसांसमोर, कागद खालपर्यंत वाचायचा होता.

जानेवारीत संचालक डॉ. अमृत खर्च्यांनी त्यांना बोलावून मुख्यालयाचं पत्र पुढे सरकवलं. विषय : आगामी सांस्कृतिक व शैक्षणिक कार्यक्रम. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सात दिवस भाषेचे कार्यक्रम करायचे. सातव्या दिवशी तिघांची समिती पाहणीला येईल. सभागृह निम्मं तरी भरलेलं दिसलं नाही, तर पुढच्या वर्षापासून उंबरतळ्यातले सगळे कार्यक्रम बंद, आणि जे काही व्हायचं ते मुख्यालयातून ऑनलाइन. खर्चे सर म्हणाले की, पुराणिक, हे तुमच्याच हातून होईल. याचा अर्थ दुसरं कोणी तयार नाही, हे पुराणिकांना कळलं. त्यांनी एकच विचारलं.

"समारोपाचे आभार?"

"तुमचेच की."

झालं. पुराणिक कामाला लागले. कार्यक्रमाचं नाव त्यांनी चार दिवस विचार करून ठरवलं : भाषा व ग्रंथ सप्ताह. बोलीभाषांवर चर्चासत्र, कविता, भारूड, पुस्तकांचं प्रदर्शन, आणि स्वतःची खास कल्पना म्हणून सातही दिवस सकाळी दहा ते साडेपाच अखंड वाचन. एक थांबला की दुसऱ्याने पुढे वाचायचं. रोज सहभागी मंडळींना दुपारचं जेवण. सगळं सुवाच्य अक्षरात लिहून त्यांनी ग्रंथालयाच्या फलकावर लावलं आणि आठ दिवस वाट पाहिली. आठ दिवसांत फलकासमोर एक कुत्रं येऊन बसलं, तेही उन्हासाठी.

सावेडीत त्यांच्या शेजारी वाल्मिक लोखंडे राहतात. नागापूरच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं मशीन दुरुस्त केल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट बंद का पडली आहे हे त्यांना लांबूनच कळतं, असा त्यांचा समज आहे. त्यांनी गॅलरीतूनच निदान केलं. "पुराणिक, तुमचा फलक तुमच्याच भिंतीला चिकटलाय. तो तुम्हीच वाचणार. फाट्यावर फ्लेक्स लावा. वीस फुटी. आपल्याकडे फ्लेक्सवर नाही ती गोष्ट झालीच नाही." पुराणिकांना फ्लेक्स या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता, कारण त्यावरचं शुद्धलेखन. पण रिकामं सभागृह डोळ्यांसमोर आलं आणि ते फाट्यावरच्या पंकजाच्या दुकानात जाऊन बसले.

पंकजा कामाला तत्पर. तिने विचारलं की सर, सध्या सीझन सुरू आहे, कमळ आणि मोराची चौकट तयार आहे, तीच ठेवू का? पुराणिक म्हणाले, चौकट कसलीही असो, अक्षर शुद्ध हवं. मग जिल्ह्याचं नाव नवं घालायचं की विद्यापीठाच्या शिल्लक लेटरहेडवर आहे ते जुनं, यावर अर्धा तास गेला. शेवटी पुराणिकांनी नवं नाव घालायला सांगितलं आणि लगेच खर्चे सरांना फोन करून "मी आता नगरला निघतोय" असं कळवलं. मग कच्ची प्रत पडद्यावर आली. पुराणिकांनी चष्मा पुसून ती एकेक अक्षर लावून वाचली आणि चर्चासत्रातला 'त्र' हा 'ञ' छापलेला पकडला. त्या पकडीचा त्यांना इतका आनंद झाला की अक्षरं केवढी आहेत याकडे लक्षच गेलं नाही. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स चढला. दोन बाजूंना मोर, खाली कमळं, मध्ये भगव्या रंगात दोन-दोन फुटी 'अखंड', आणि त्याच्याखाली तीन फुटी 'ग्रंथ सप्ताह'. 'भाषा व' हे शब्द डाव्या मोराच्या पायाशी होते. 'वाचन' उजव्या मोराच्या पिसाऱ्यात होतं, शोधणाऱ्याला सापडलं असतं. खाली ठळक ओळ : रोज दुपारी भोजनाची व्यवस्था. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आता बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की, आमच्या नगर जिल्ह्यात सप्ताह या शब्दाचा आठवड्याशी फारसा संबंध नाही. सप्ता ही बसणारी गोष्ट आहे. सात दिवस ग्रंथाचं पारायण, वीणा खाली ठेवायची नाही, आळीपाळीने पहारा, घरोघरच्या भाकरी, कढईभर आमटी, आणि सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन. काला झाल्याशिवाय सप्ता उठत नाही आणि सप्ता उठल्याशिवाय माणूस उठत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुराणिकांनाही माहीत होतं. पण पुराणिक शब्द कोशातून घेत असत, गावातून नव्हे.

तिसऱ्या दिवशी उंबरतळ्याचे गहिनीनाथ तुवर चार जाणत्यांना घेऊन ग्रंथालयात आले. गहिनीनाथ म्हणजे गावाच्या सप्ता कमिटीचे वीस वर्षं अध्यक्ष, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या वर्गात ऐकू जावं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो मानाचा राग होता.

"पुराणिक सायेब, आमच्या शिवारात सप्ता बसतोय आन गावाला सांगावा न्हाई? आमी काय मेलोय व्हय?"

पुराणिक गडबडून उठले. त्यांनी पाचही जणांना खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगायला तोंड उघडलं. हा तो सप्ता नव्हे, हा विद्यापीठाचा, म्हणजे भाषेचा, असं ते बोलणारच होते. एवढ्यात गहिनीनाथांनी खिडकीतून सभागृहाकडे पाहिलं आणि विचारलं की त्यात माणूस किती मावतंय. पुराणिक म्हणाले, चारशे. गहिनीनाथांनी मान हलवली.

"कमी पडंल."

त्या दोन शब्दांनी पुराणिकांचा घात केला. एकतीस वर्षांत हे सभागृह कमी पडेल असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं. "बघू," एवढंच ते म्हणाले, आणि चहा मागवला. खोटं असं ते काहीच बोलले नाहीत, हे त्यांनी त्या दिवसापासून स्वतःला अनेकदा समजावलं. शोभाताईंना त्यांनी घरी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की, गप्प बसून बोललेलं खोटं जास्त महागात पडतं, आणि भाजीला फोडणी घालायला निघून गेल्या.

गावाने वाटणी करून टाकली. रोज एका आळीच्या भाकरी, आमटी मारुतीच्या पारावर शिजणार, ट्रॉलीतून येणार. वीणा गावची. टाळकरी गावचे. कीर्तनकार कोण, असं विचारल्यावर पुराणिकांनी समारोपाला येणाऱ्या पुण्याच्या वक्त्यांचं नाव सांगितलं. ते भाषाशास्त्राचे डॉक्टर होते. गहिनीनाथ म्हणाले, डॉक्टर हायेत तर चांगलंच हाय, आमच्या बेलापूरच्या पाव्हण्यांकडं कीर्तनाला एक वकील येतेत.

सप्ताह बसला त्या सकाळी पहिली अडचण फाटकावर आली. विद्यापीठाच्या नियमानुसार बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू आवक नोंदवहीत लिहावी लागते. रकाने चार : वस्तूचे नाव, नग, आणणाऱ्याचे पूर्ण नाव, परत नेण्याचा दिनांक. फाटकावरचा कानिफनाथ नियमाने चालणारा माणूस. भाकरीची ट्रॉली त्याने अडवली आणि एकेक फडकं सोडून नग मोजायला सुरुवात केली. पुराणिक धावत गेले, खर्चे सरांना फोन झाला. खर्चे सर म्हणाले, समिती यायची आहे, नोंदवहीत काहीही सुटता कामा नये. मग भाकरी मोजल्या गेल्या. पहिल्या दिवशी चारशे बारा. परत नेण्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर कानिफनाथ अडला, तेव्हा पुराणिकांनी विचार करून 'लागू नाही' असं लिहायला सांगितलं.

खरी गंमत तिसऱ्या रकान्याची. बायका सांगायच्या, तुवरांची थोरली सून, नाहीतर सोपानाची आई. कानिफनाथ म्हणायचा, पूर्ण नाव. मग एकेक बाई जरा थांबायची, इकडेतिकडे बघायची आणि स्वतःचं नाव सांगायची, आणि कानिफनाथ ते लिहून घ्यायचा. छबूबाई गीते सत्तरीच्या, गावातल्या भाकरीच्या कामाच्या म्होरक्या. आपल्या बावीस भाकरींसमोर 'छबूबाई नामदेव गीते' हे लिहिलेलं त्यांनी नातीकडून वाचून घेतलं.

"पन्नास वर्सं सप्त्याला भाकरी देतीय," त्या पुराणिकांना म्हणाल्या. "भाकरीला नाव कवा कोनी इचारलं न्हवतं."

"नियम आहे," ते म्हणाले.

चर्चासत्राला दीडशे माणसं होती. खुर्च्या सोडून पुढे सतरंजीवर बसली. निबंध वाचणाऱ्या प्राध्यापकांना हे नवीन होतं. ते सवयीने आठ माणसांना पुरेल एवढ्याच आवाजात आले होते. ग्रामीण बोलीतले उच्चार नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत, 'आम्ही'चं 'आमी' करणारी पिढी आता संपत आली आहे, असं ते म्हणाले, तेव्हा छबूबाई पदर सावरून म्हणाल्या, "आमी हितंच हाओत की." प्राध्यापकांनी ते वहीत टिपून घेतलं. निबंध संपल्यावर टाळ्यांऐवजी टाळ वाजले. प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी न मागता दुसरा निबंध वाचला.

अखंड वाचनाचं त्याहून बिकट झालं. चौरंगावर ठेवण्यासाठी कपड्यात गुंडाळलेला जाड ग्रंथ हवा होता. पुराणिक कवितांचे संग्रह घेऊन येईपर्यंत कोणीतरी कपाटातून सर्वांत जाड खंड काढून, हळदकुंकू वाहून, वाचायला बसलंसुद्धा. तो विद्यापीठाचा वार्षिक अहवाल होता. एकदा ग्रंथ सुरू केला की मध्ये सोडता येत नाही, त्यामुळे पुराणिकांचा नाइलाज झाला. पुढचे सहा दिवस परिनियम, अनुदान, रिक्त पदे आणि इमारत दुरुस्ती हे सगळं ओवीच्या चालीवर वाचलं गेलं. चौथ्या दिवशी खर्चे सर सहज येऊन बसले, तेव्हा नेमकं "उंबरतळे सभागृहाचा वापर, शंभर टक्के" हे वाक्य आलं. वाचणाऱ्याने रिवाजाप्रमाणे ते तीनदा घोळवून म्हटलं. खर्चे सर उठून गेले.

ग्रंथालय साडेपाचला बंद होतं, आणि अखंड म्हणजे अखंड, यात खंड पडला तर गावाला दोष लागतो. विद्यापीठाच्या नियमात वाचन साडेपाचनंतर बसत नव्हतं. शेवटी असा तोडगा निघाला की साडेपाचला वीणा फाटकाच्या केबिनमध्ये न्यायची आणि कानिफनाथाने गावच्या पहारेकऱ्यांबरोबर आळीपाळीने सकाळपर्यंत हाताशी असेल ते वाचायचं. त्याच्या हाताशी आवक नोंदवही होती. त्यामुळे सप्ताहाच्या सहा रात्री उंबरतळे परिसरात भाकरी, नग बावीस, छबूबाई नामदेव गीते, लागू नाही, याचं पारायण झालं. वाल्मिक लोखंडे हे ऐकून म्हणाले की, मशीन चुकीची जोडली गेली आहे, पण चालते आहे, हात लावू नका.

पुराणिकांचा मात्र जीव टांगणीला लागला होता. सभागृह रोज भरत होतं, बाहेर ओटेसुद्धा भरत होते, शेजारच्या बोरखांड गावाची माणसं टेम्पो करून यायला लागली होती. पण कोणीतरी हात जोडून "माउली" म्हणालं की ते घाईघाईने आमटीची बादली उचलायचे. आपण या भोळ्या माणसांना फसवलं आहे, आणि सातव्या दिवशी काल्याच्या वेळी भाषाशास्त्राचा डॉक्टर उभा राहिला की ते उघडं पडणार आहे, या विचाराने त्यांचं जेवण उडालं. त्या आठवड्यात त्यांनी भरपूर आमटी वाढली आणि फारच थोडी खाल्ली.

सातवा दिवस उजाडला. समिती दहा वाजता आली. सभागृहात चारशे, बाहेर मांडवात दोनशे. समितीतल्या बाईंनी हजेरीची यादी मागितली, तर खर्चे सरांनी कपाळाला आठ्या घालून पुराणिकांकडे पाहिलं. हजेरी कोणी घेतलीच नव्हती. आणि तेवढ्यात पुण्याच्या वक्त्यांचा फोन आला. गाडी घाटात बंद पडली होती, ते येऊ शकत नव्हते. पुराणिक सभागृहाच्या मागच्या दारात उभे होते. आत टाळ वाजत होते, दह्याची हंडी बांधून तयार होती आणि व्यासपीठावर उभं राहायला माणूस नव्हता.

त्यांनी गहिनीनाथांना बाजूला घेतलं. हात जोडले, आणि सगळं सांगून टाकलं. हा तो सप्ता नाही. 'भाषा व' मोराच्या पायाशी होतं. अखंड होतं ते वाचन. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण सभागृह कमी पडेल म्हणालात आणि माझी जीभ उचलली नाही. मी तुम्हाला फसवलं.

गहिनीनाथांनी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले.

"सायेब, आमाला वाचता येतंय. सप्ता बसायच्या आदल्या दिवशी फाट्यावर च्याला गेल्तो तवाच त्यो मोराचा पाय दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"तवर घरोघर पिठं दळून झाल्ती." गहिनीनाथांनी टोपी सारखी केली. "आन दुसरं आसं, की तीस वर्सं तुमच्या फाटकावरनं बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले. तुमी आत काय करताय ते गावाला म्हाईत न्हवतं. यंदा पयल्यांदा आमाला कळंल आसा शबुद दिसला. म्हनलं, बोलावलंय तर जाऊ. आता काला झाल्याबिगर हे लोक उठायचे न्हाईत. नाव पुराणिक हाय ना तुमचं? मग उभं ऱ्हावा."

पुराणिक म्हणाले की त्यांच्या घराण्यात पुराण सांगणं आजोबांबरोबर संपलं. त्यांना फक्त आभार मानता येतात.

"मग तेच मांडा," गहिनीनाथ म्हणाले.

पुराणिक व्यासपीठावर गेले. खिशातला कागद काढला. त्यावर वक्त्यांचं नाव होतं, जे आले नव्हते, कुलगुरूंचं होतं, ते येणारच नव्हते, आणि माइकवाल्याचं. एवढ्यावर काला होत नाही हे त्यांना कळत होतं. समोर आणि बाहेरच्या मांडवात मिळून सहाशे माणसं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने ते खुर्च्या सरकण्याच्या आवाजाची वाट बघत थांबले. एकही खुर्ची सरकली नाही. दाराशी कानिफनाथ उभा होता, काखेत आवक नोंदवही. नियमाप्रमाणे समितीला दाखवायला आणली होती. पुराणिकांनी हात पुढे केला आणि ती मागून घेतली.

मग त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. पहिल्या पानापासून. छबूबाई नामदेव गीते, भाकरी बावीस. साळूबाई रंगनाथ तुवर, भाकरी अठरा. रुपाली संतोष तुवर, भाकरी पंधरा आणि ठेचा एक डबा. निकिता अशोक गीते, भाकरी नऊ, त्यातल्या दोन जळक्या, हे कानिफनाथाने प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं आणि पुराणिकांनी तितक्याच प्रामाणिकपणे वाचलं. बायकांच्या बाजूला हशा उसळला आणि नवी सून निकिता पदरात तोंड लपवून हसली. कोणी उठेना. कसं उठणार? आपलं नाव आलं की बाई शेजारणीला कोपर मारायची, आणि शेजारणीचं यायचं असायचं. काही पुरुष आपल्या बायकोचं नाव पूर्ण ऐकून दचकून बघायचे. प्रत्येक पानाच्या शेवटी टाळकरी आपणहून टाळ वाजवायचे. समितीतल्या बाईंनी हजेरीच्या रकान्यात आकडा लिहिणं सोडून दिलं होतं आणि गालाला हात लावून ऐकत बसल्या होत्या. खर्चे सरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, तर गहिनीनाथांनी त्यांच्याकडे पाहिलं. खर्चे सरांनी घड्याळ बाहीखाली घेतलं.

एक तास दहा मिनिटं झाली. नोंदवही संपली. मग माइकवाला झाला, पंकजा झाली, कानिफनाथ झाला. वाल्मिक लोखंडे चौथ्या रांगेत उठून उभेच राहिले, तर त्यांचंही नाव घ्यावं लागलं. आता फक्त कागदाच्या तळाची ओळ राहिली होती.

पुराणिकांनी समोर पाहिलं. सहाशे माणसं जागच्या जागी बसून त्यांच्याकडे बघत होती. इतकी वर्षं लिहिलेली ती ओळ आता वाचायची वेळ आली, आणि त्यांना ती कशी वाचायची तेच कळेना. त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला, आणि वाचली.

"आणि शेवटी, आपण सर्व जण शेवटपर्यंत बसून राहिलात, म्हणून आपले मनापासून आभार."

तरीही कोणी उठलं नाही. पुराणिक घाबरले, यापुढचं काही त्यांच्याकडे लिहिलेलं नव्हतं. तेव्हा गहिनीनाथ उठले, हंडी फोडली, दह्याचा काला हातोहात फिरला, आणि मग त्यांनी एक नारळ काढला. पुढच्या वर्षीचा सप्ता ज्या गावाने घ्यायचा त्याला हा नारळ द्यायचा असतो. उंबरतळेकर म्हणाले, आमच्या शिवारातला आहे, आमच्याकडेच राहील. बोरखांडकर म्हणाले, एकदा तुम्ही, एकदा आम्ही, रीत ती रीत. आवाज चढले. समितीच्या अध्यक्षांनी मध्ये पडून सांगितलं की विद्यापीठाचा कार्यक्रम असा नारळावर हलवता येत नाही, त्याला ठराव लागतो. दोन्ही गावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले आणि त्यांनी अहवालात लिहून टाकलं की, उंबरतळे परिसरातले कार्यक्रम चालू ठेवणे स्थानिक शांततेच्या दृष्टीने आवश्यक आहे. नारळ शेवटी आवक नोंदवहीत चढला. नग एक, परत नेण्याचा दिनांक पुढच्या वर्षीचा.

त्या दिवशी पंगती उठेपर्यंत पावणेसहाची एसटी केव्हाच निघून गेली होती. जागा धरायला कोणी गेलंच नव्हतं. गहिनीनाथांनी जीपची सोय केली आणि पुराणिक मागच्या बाकावर, मांडीवर भाकरीचं एक फडकं घेऊन, शोभाताईंच्या शेजारी बसले. फडकं छबूबाईंनी दिलं होतं आणि त्याची जावक नोंद झाली नव्हती. फाट्यावर फ्लेक्सचा एक कोपरा सुटून मोर वाऱ्यावर फडफडत होता. ज्वारीची सोंगणी निम्मी झाली होती.

"छान बोललात आज," शोभाताई म्हणाल्या. "ती शेवटची ओळ तर फारच छान होती. नवीन लिहिलीत का?"

पुराणिकांनी त्यांच्याकडे पाहिलं. फडक्याची गाठ सारखी केली.

"हो," ते म्हणाले. "कालच सुचली."